श्रेयवाद की श्रेयोवाद? आणि 'श्रेय लाटणे' कधी म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच खेळाच्या दोन प्रतिस्पर्धी संघटना. एकीने प्रदर्शनीय सामना ठेवून लहान मुलांच्या हॉस्पिटलसाठी पैसे उभे केले, दुसरीच्या खेळाडूंनी तिथली व्यायामोपचाराची खोली स्वतः राबून तयार करून दिली, आणि आता दोघींच्या प्रेसनोटमध्ये 'हा उपक्रम आमचा' असं आहे. विचारणाऱ्यांनी यावर लिहिताना 'श्रेयवादाची लढाई' असं लिहिलं, तर कोणीतरी तीन हरकती घेतल्या: शुद्ध शब्द 'श्रेयोवाद' आहे, वाद आणि लढाई एकत्र आले की पुनरुक्ती होते, आणि एका संघटनेने 'श्रेय लाटलं' हे लिहिणं म्हणजे सरळ आरोप आहे. यातलं किती खरं?

पहिली हरकत व्याकरणाची आहे, ती आधी संपवू. संस्कृतात मूळ शब्द श्रेयस्. अशा शब्दांचा शेवटचा स विसर्ग होतो आणि पुढे मृदू व्यंजन किंवा अ आला की त्याचा ओ होतो, म्हणून मनोवृत्ती, तपोवन, यशोगाथा, वयोवृद्ध. त्या हिशोबाने श्रेयोवाद हे संस्कृत नियमाला धरून आहे, आणि पत्राच्या शेवटी लिहितात तो 'श्रेयोभिलाषी' पण याच नियमाने झालेला. पण मराठीने हे शब्द घेताना शेवटचा स टाकून दिला, आपण मनाला, यशाचं, वयात असं म्हणतो, तसंच श्रेयाला, श्रेयाचं, म्हणजे मराठीत हा सरळ अकारान्त नपुंसकलिंगी शब्द आहे आणि त्याला पुढे दुसरा शब्द जोडताना मराठी माणूस 'श्रेय'च धरून चालतो. याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे 'श्रेयांक', विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात हल्ली सर्रास येणारा शब्द. श्रेय अधिक अंक, म्हणून श्रेयांक. मूळ श्रेयस् धरला असता तर हे रूप झालंच नसतं. सिनेमाची 'श्रेयनामावली' तशीच, तिला श्रेयोनामावली म्हणणारं कोणी मला भेटलेलं नाही. तेव्हा श्रेयवाद चूक नाही. उलट श्रेयोवाद लिहिलं तर वाचणाऱ्याला हे कुठलंतरी तत्त्वज्ञान वाटेल, कल्याण हेच ध्येय मानणारा एखादा पंथ वगैरे.

आणि तसं वाटणं अगदी चुकीचंही नाही, कारण श्रेय शब्दाचा मूळ अर्थ खरंच तो आहे. श्रेयस् म्हणजे 'अधिक चांगलं'. हे तुलनेचं रूप आहे, त्याच्या पुढची पायरी श्रेष्ठ. (प्रिय, प्रेयस्, प्रेष्ठ ही तशीच रांग, प्रेयसी त्यातूनच आली.) कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो की माणसासमोर श्रेय आणि प्रेय असे दोन मार्ग येतात, एक हिताचा, एक आवडीचा, आणि शहाणा माणूस पहिला निवडतो. तिथे श्रेय कोणाच्या नावावर जमा होत नाही, ते निवडायचं असतं. आजच्या मराठीत हा अर्थ 'श्रेयस्कर' मध्ये शिल्लक आहे, 'आता गप्प बसणं श्रेयस्कर' म्हणतो तेव्हा आपण श्रेयाचा जुनाच अर्थ वापरत असतो.

मग 'क्रेडिट' हा अर्थ कुठून आला? मला याचा दुवा पूजेच्या शेवटी होणाऱ्या श्रेयदानात दिसतो, त्याला श्रेयसंपादनही म्हणतात. जप-होम प्रत्यक्ष गुरुजींनी केलेला असतो, पण शेवटी हातावर पाणी सोडून ते त्या कर्मातून जे श्रेय उत्पन्न झालं ते यजमानाला देऊन टाकतात. म्हणजे श्रेय ही कोणीतरी कमावलेली आणि दुसऱ्याला देता येणारी गोष्ट झाली. देता येते म्हटल्यावर घेता येते, नाकारता येते, आणि मग हिसकावताही येते. कष्ट एकाचे आणि फळ दुसऱ्याचं, हे या शब्दात फार आधीपासून बसलेलं आहे, फरक एवढाच की तिथे देणारा स्वतःहून, तोंडाने म्हणून देतो. इंग्रजीच्या सहवासात आजचा अर्थ घट्ट झाला असेल पण मराठीत त्याला बसायला जागा आधीच होती असं मला वाटतं.

आता दुसरी हरकत, 'श्रेयवादाची लढाई'. इथे मी हरकत घेणाऱ्याच्या बाजूने आहे. मराठीत 'वाद' दोन कामं करतो. समाजवाद, वास्तववाद इथे तो मतप्रणाली सांगतो, आणि सीमावादात तो भांडण सांगतो. श्रेयवाद हा सीमावादाच्या घरातला शब्द आहे, श्रेयावरून झालेला वाद. 'सीमावादाची लढाई' कोणी म्हणत नाही, कानाला लगेच खटकतं, पण 'श्रेयवादाची लढाई' बातम्यांत इतक्या वेळा छापून येतं की कान मेलाय. 'श्रेयवाद रंगला' पुरतं, किंवा लढाईच म्हणायची असेल तर 'श्रेयाची लढाई'. कोणी म्हणेल की इथे श्रेयवाद म्हणजे श्रेय घेण्याची वृत्ती आणि त्या वृत्तीतून झालेली लढाई, असा अर्थ लावता येतो, येतो खरा, पण लिहिणाऱ्याच्या मनात तो नसतो. अजून एक, हे श्रेयवादाशी थेट जोडलेलं नाही पण लिहिताना चुकतं म्हणून: श्रेय नेहमी चांगल्याचंच असतं. वाईटाचं खापर फुटतं, ठपका बसतो, बोल लागतो. 'पराभवाचं श्रेय' हे टोमणा मारायचा नसेल तर चुकीचं मराठी आहे.

तिसरी हरकत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इथे प्रश्न शुद्धलेखनाचा नाही, न्यायाचा आहे. श्रेय देणे, श्रेय मिळणे, श्रेय घेणे, श्रेयावर दावा सांगणे, श्रेय उपटणे, श्रेय लाटणे, या सगळ्यांचं वजन वेगवेगळं आहे आणि आपण ते एकमेकांच्या जागी फेकत असतो. 'श्रेय घेणे' बऱ्यापैकी तटस्थ आहे, थोडी नापसंती असू शकते पण ती वाक्यातून येते. 'दावा सांगणे' म्हणजे अजून निकाल नाही. 'लाटणे' मध्ये मात्र निकाल लागलेला आहे. जमीन लाटली, अनुदान लाटलं, तसं श्रेय लाटलं, म्हणजे वस्तू दुसऱ्याची होती आणि याने ती बेमालूम आपली करून घेतली. 'उपटणे' मध्येही हेच, फक्त जरा जास्त उघडं, पैसे उपटले म्हणतो तसं. तेव्हा ज्याने काहीच केलं नाही आणि फक्त उद्घाटनाला येऊन फीत कापली, आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या, त्याच्याबद्दल लाटलं म्हणा, बिनधास्त म्हणा. पण तुमच्या उदाहरणात एकीने पैसा आणलाय, दुसरीने हात लावलेत. दोघींचंही काम खरं आहे. इथे कोणीच लाटलेलं नाही, दोघींनी आपल्या वाट्यापेक्षा जास्त मागितलंय. याला मराठीत एकच क्रियापद नाही आणि ते शोधायचीही गरज नाही, 'दोन्ही संघटनांनी संपूर्ण उपक्रमाचं श्रेय स्वतःकडे घेतलं' एवढं साधं वाक्य पुरे. 'संपूर्ण' हा शब्द तिथे काम करतो.

खरं सांगायचं तर अशा भांडणात श्रेय हा शब्द क्वचितच कोणाच्या प्रेसनोटमध्ये असतो. भांडण असतं शब्दयोगींचं. 'तर्फे', 'मार्फत', 'वतीने', 'सहकार्याने', 'सौजन्याने', 'पुढाकाराने', 'संयुक्त विद्यमाने'. नीट बघा, हे सगळे शब्द काम कोणाचं आणि नाव कोणाचं हेच ठरवतात. तर्फे हा अरबी 'तरफ' पासून, म्हणजे बाजू, काम त्या बाजूचं, कर्तेपण तिचं. मार्फतही अरबी, मूळ अर्थ ओळख, आणि मराठीत ती व्यक्ती फक्त मधला दुवा. आता हीच गोष्ट दोन प्रकारे लिहून बघा. 'अ संघटनेतर्फे हॉस्पिटलला व्यायामोपचाराची खोली, ब संघटनेच्या सहकार्याने.' आणि 'ब संघटनेच्या खेळाडूंनी उभारलेल्या खोलीला अ संघटनेचं अर्थसाहाय्य.' माहिती एकही खोटी नाही, पण पहिल्यात ब मदतनीस आहे आणि दुसऱ्यात अ. कोनशिलेवर किंवा बॅनरवर कोणाचं नाव आधी, कोणाचा लोगो मोठा यावरून जे रुसवेफुगवे होतात तेही याच कारणाने, बॅनरवर वाक्य नसतं म्हणून क्रम आणि आकार हेच शब्दयोगीचं काम करतात.

'संयुक्त विद्यमाने' बद्दल थोडं जास्त. विद्यमान म्हणजे असलेला, हजर. जुन्या मराठी पत्रांत, करारांत 'अमुक यांचे विद्यमाने' असं येतं, त्याचा अर्थ त्यांच्या मार्फत, त्यांच्या समक्ष. म्हणजे जबाबदार माणूस तिथे हजर होता, व्यवहार त्याच्या डोळ्यांसमोर झाला. आज आपण दोन नावं जोडायला तो वापरतो आणि हजर कोण होतं ते कोणी बघत नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही संघटना खरोखर एकत्र बसून, एकत्र ठरवून काम करत असतील तरच हा शब्द वापरावा. तुमच्या प्रकरणात त्या एकत्र बसल्याच नाहीत, म्हणून हॉस्पिटलने फलकावर 'संयुक्त विद्यमाने' लिहून दोघींना गप्प करायचं ठरवलं तरी ते खोटं होईल. 'पुरस्कृत' पण जपून. पुरस् म्हणजे पुढे, पुरस्कृत म्हणजे पुढे केलेला, पाठिंबा दिलेला, आणि नंतर बक्षीस मिळालेला असाही अर्थ आला, म्हणून 'अ संघटना पुरस्कृत खोली' वाचून काहीच बोध होत नाही. पैसे दिले असतील तर 'पैसे दिले' लिहा.

कोणाला वाटेल की हॉस्पिटलच्या एका खोलीवरून एवढं काय. पण खेळाच्या संघटनांमध्ये याला वेगळं कारण असतं आणि तेही शब्दांत दिसतं. ऑलिम्पिक समिती एका खेळासाठी एकाच आंतरराष्ट्रीय महासंघाला मान्यता देते, त्यामुळे एका खेळात दोन संघटना झाल्या की 'खरी कोणती' हा प्रश्न सतत उभा राहतो. तायक्वांदोत एक आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ ची, दुसरी १९७३ ची, ऑलिम्पिकमध्ये दुसरी गेली पण पहिलीचे खेळाडू आजही आहेत. बॉक्सिंगमध्ये २०२३ साली जुन्या संघटनेची ऑलिम्पिक मान्यता काढली गेली आणि त्याच वर्षी वेगळी नवी संघटना उभी राहिली, तिला २०२५ मध्ये तात्पुरती मान्यता मिळाली. अशा ठिकाणी समाजकार्य हे समाजकार्य असतंच, तायक्वांदोचं जॉर्डनमधल्या अझराक निर्वासित छावणीतलं काम बघा, मुलं तिथे खरोखर शिकतात, पण त्याबरोबर ते 'आम्हीच या खेळाचे' हे सांगण्याचं साधनही होऊ शकतं. श्रेयाचं भांडण म्हणजे बरेचदा मान्यतेचं भांडण असतं.

म्हणून लिहिणाऱ्याने इथे एका विशेषणापासून फार सांभाळावं, ते म्हणजे 'समांतर'. 'समांतर संघटना' हा शब्द ऐकायला निरुपद्रवी आहे, पण समांतर रेषा काढायला आधी एक रेषा लागते. एकीला समांतर म्हटलं की दुसरी आपोआप मुख्य झाली, म्हणजे वादाचा निकाल आपण विशेषणातच देऊन टाकला. 'फुटीर' आणि 'स्वयंघोषित' तर उघडच बाजू घेतात. त्यापेक्षा 'प्रतिस्पर्धी' चांगला, दोघींना सारखा लागू होतो. अमुक समितीची मान्यता असलेली आणि नसलेली, हे कळत असेल तर तसं स्पष्ट लिहावं, ती वस्तुस्थिती आहे, विशेषण नाही.

हे सगळं धरून तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'हॉस्पिटलच्या व्यायामोपचार खोलीवरून दोन प्रतिस्पर्धी संघटनांत श्रेयवाद, एकीने सामन्यातून निधी उभारला, दुसरीच्या खेळाडूंनी खोली बांधली.' शीर्षकाला लांब वाटलं तर 'श्रेयवाद' पर्यंत थांबा आणि बाकीचं पहिल्या ओळीत घ्या, पण घ्या नक्की, कारण कोणी काय केलं हे एकदा सांगितलं की कोणाला किती श्रेय द्यायचं ते वाचणारा स्वतः ठरवतो, आणि त्या खोलीत येणाऱ्या मुलांबद्दलही एक ओळ टाका, दोन्ही प्रेसनोटमध्ये ती नाही असं तुम्हीच लिहिलंय.