पडत्या काळातला संघ

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

रविवारी भांडी विसळता विसळता तू विचारलंस, "काका, काय करू?" आणि मी म्हणालो, "मनाला पटेल ते कर." इतकं गुळमुळीत उत्तर मी आजवर कुणाला दिलं नव्हतं. तीन रात्री ते घशात अडकून बसलंय, म्हणून हे पत्र. मराठी वाचताना अडखळशील, तेव्हा आईकडून वाचून घे. वहिनी, मधलं काही गाळू नका.

तुमच्या संघाने अख्ख्या मोसमात एक सामना जिंकला. वरच्या क्रमांकाच्या क्लबने तुला बोलावलंय. बूट देणार, फिजिओ देणार, निवड करणाऱ्यांच्या नजरेत आणणार. जाऊ की नको? माझं उत्तर ऐक. पडत्या काळात संघ सोडायचा नाही. पुढचं सगळं पत्र या एकाच वाक्याचं आहे.

तुझ्या खोलीत आपल्या सिडनीच्या रग्बी लीगमधल्या साऊथ सिडनी क्लबचा, म्हणजे साऊथ्सचा, 2014 चा फोटो आहे. 5 ऑक्टोबर, अंतिम सामना, बुलडॉग्जवर 30-6. त्यातला सॅम बर्जेस तुला पाठ आहे. पहिल्याच धडकेत जेम्स ग्रॅहमच्या डोक्यावर त्याचा गाल आदळला, हाड मोडलं, तरी गडी शेवटपर्यंत खेळला आणि सामनावीराचं क्लाइव्ह चर्चिल पदक घेऊन गेला. 1970 च्या अंतिम सामन्यात याच क्लबचा कर्णधार जॉन सॅटलर मोडक्या जबड्याने खेळला होता. मोडलेल्या हाडांच्या गोष्टी सगळ्यांनाच आवडतात. एका दुपारपुरता दात-ओठ खाऊन उभं राहणं मलाही जमलं असतं. खरंच जमलं असतं.

त्या फोटोतल्या कर्णधाराकडे कधी नीट पाहिलंस का? जॉन सटन. इथलाच पोरगा. पहिला सामना खेळला 2004 साली, आणि त्या वर्षी साऊथ्स शेवटच्या क्रमांकावर होते. त्याच्या आदल्या वर्षीही शेवटच्याच. 2006 ला पुन्हा. लोक हसायचे, कामावर आमच्यात पैजा लागायच्या की यंदा किती गुणांनी हरतील. सटन गेला नाही. दहा वर्षांनी चषक उचलला, आणि निवृत्त होईपर्यंत याच एका क्लबकडून 336 सामने खेळला. पडत्या काळात संघ सोडायचा नाही म्हणजे काय, ते या माणसाकडे बघून शीक.

आणि हा पडता काळ कुठून आला, तेही तुला कुणी सांगितलं नसणार. सुपर लीग नावाची वेगळी स्पर्धा निघाली, त्या भांडणानंतर 1998 ला सगळे क्लब एका स्पर्धेत आले आणि मालकांनी ठरवलं, 2000 पासून संघ चौदाच. मग जुने जुने क्लब एकमेकांत विलीन झाले. साऊथ्स 1908 चे, पहिल्याच वर्षीचे विजेते, तोवर वीस विजेतेपदं नावावर. त्यांनी विलीन व्हायला नकार दिला. 1999 चा मोसम संपला आणि त्यांना सरळ बाहेर काढलं. अध्यक्ष जॉर्ज पिगिन्स, क्लबचाच जुना खेळाडू, कोर्टात गेला. नोव्हेंबर 2000 मध्ये टाऊन हॉलवर मोर्चा निघाला, सुमारे 80 हजार माणसं. मला सोबतचा कामगार ओढून घेऊन गेला. मला रग्बी लीग कळत नव्हती. सहा टॅकल झाले की चेंडू समोरच्याला द्यायचा, एवढंच ठाऊक. पण मोर्चा कळत होता. मी परळचा. 1982 च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यात माझे वडील होते. तो संप कधी मागे घेतलाच नाही, नुसता विरून गेला. त्यामुळे लाल-हिरवे झेंडे घेतलेल्या या गोऱ्या-काळ्या माणसांच्या गर्दीत चालताना मनात एकच होतं, यांचंही तसंच होणार. तसं झालं नाही. जुलै 2001 ला अपिलात निकाल बाजूने लागला आणि 2002 ला संघ परत मैदानात आला.

परत आला आणि हरत बसला! हे कुणी सांगत नाही. मोर्चाचं सगळे सांगतात. 2006 ला सिनेमातला नट रसेल क्रो आणि उद्योगपती पीटर होम्स अ कोर्ट यांनी क्लबचा 75 टक्के हिस्सा घेतला. पिगिन्सचा कडवा विरोध होता, सभासदांचं मतदान जेमतेम पार पडलं. त्यात कोण बरोबर, यावर मी आजही कुणाशीही भांडायला तयार आहे, पण तुझ्याशी नको. मायकल मॅग्वायर प्रशिक्षक झाला. 2012 ला अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर हरले. 2013 ला पुन्हा तिथेच, मॅन्लीकडून, चौदा गुणांची आघाडी घेऊन हरले. 2014 ला शेजारच्या रूस्टर्सविरुद्ध सुरुवातीलाच पिछाडी, तरी 32-22. मग तो अंतिम सामन्याचा रविवार. 1971 नंतर 43 वर्षांनी विजेतेपद.

तू म्हणशील, काका, बर्जेस तर जिंकल्या जिंकल्या इंग्लंडला गेला, तेही दुसऱ्याच रग्बीत, रग्बी युनियनमध्ये. गेला. पण हातातलं काम संपवून गेला, आणि जाणार हे मोसमाच्या तोंडावरच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. चोरासारखा गेला नाही. यावर वाद नको.

आता दुसरा प्रश्न, जो तू विचारला नाहीस, पण तुझ्या आईने मला एकदा विचारला होता.

हो, मी मंडळ सोडलं होतं. 1983. आमचा कबड्डीचा संघ गल्लीत शेवटचा. मी उजवा कोपरा. एका कंपनीच्या संघाने खेळाडू म्हणून नोकरी देऊ केली. घरी वर्षभर पगार नव्हता, आई दुसऱ्यांकडे पोळ्या लाटायला जात होती. मी जायला नको होतं का? सांग ना! नोकरी मिळाली, बहिणीचं लग्न झालं. ज्यांनी मला गद्दार म्हटलं, त्यांच्या घरात कुणी ना कुणी कमावतं होतं. मी चुकलो नाही. चाळीस वर्षं हेच म्हणतोय, आता तुलाही म्हणतोय. पण जाताना मी कुणाला सांगितलं नाही. सराव चुकवला, मग दुसरा चुकवला, आणि नव्या बनियनमध्ये थेट मैदानावरच दिसलो.

दोन वर्षांनी मंडळाने चषक जिंकला. मी दोरीबाहेर उभा होतो, हातात शेंगांची पुडी. माझ्या कोपऱ्यात जो पोरगा होता, त्याने शेवटच्या चढाईत घोट्याची अशी पकड केली की मीही ओरडलो. कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

2014 च्या त्या रात्री माझं लक्ष आयझॅक लूककडे होतं. 2007 पासून साऊथ्सचा. आधीच्या सामन्यातल्या टॅकलबद्दल बंदी आली आणि अंतिम सामना हुकला. पण तो बाहेर असूनही त्यांच्यातलाच होता. शिट्टी वाजल्यावर सगळे त्याला मिठ्या मारत होते. तुझी काकू विचारत होती, जिंकलो ना आपण, मग रडताय कशाला?

तर तुझ्या घरी चूल पेटतेय. बूट तुझे बाबा घेऊन देतील, नाहीतर मी देईन. तुला अडचण नाही, तुला लाज वाटते हरण्याची. त्यासाठी पडत्या काळात संघ सोडायचा नाही. आणि इतकं सांगूनही जायचंच असेल, तर आधी तुझ्या तेराही जणांसमोर उभं राहून तोंडाने सांग. फोनवर नाही.

गुरुवारी सरावाला सोडायला मी येतो. कुठल्या मैदानावर, ते तू कळव.

तुझा,
काका