वरच्या बोयाजवळ पोर्ट टॅकवरून घुसणं हे धाडस की चूक?

तुमची सतरा वर्षांची मुलगी शर्यतीत लेझर, म्हणजे एका माणसाची छोटी शिडाची होडी, चालवते. वरच्या बोयाला, म्हणजे वाऱ्याकडच्या तरंगत्या खुणेला, स्टारबोर्ड टॅकवरच्या (वारा उजव्या बाजूने घेणाऱ्या, वाटेचा हक्क असलेल्या) होड्यांची रांग लागलेली असते, ही पोर्टवरून (वारा डाव्या बाजूने घेत) येते आणि फटीत टॅक मारते, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलते. कधी सहा होड्या मागे टाकते, कधी बाद होते. तिला थांबवावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

थांबवू नका. पण हा निर्णय ती नेमका कुठे घेते, ते तिला विचारा. मी बेलापूरला राहतो आणि एकवीस वर्षं मुंबई बंदरात शर्यतीत उतरतोय. माझ्या पाहण्यात, बोयापाशी आल्यावर फट शोधणारा बहुतेक वेळा फसतोच.

लेझर साधारण ४.२ मीटर लांब. झोन म्हणजे बोयाभोवतीच्या तीन होडीलांब्या, म्हणजे साडेबारा मीटर. मध्यम वाऱ्यात वाऱ्यासमोर चढणारी लेझर सेकंदाला दोन मीटर धरा, तर झोनच्या कडेपासून बोयापर्यंत जेमतेम सहा-सात सेकंद मिळतात. त्यात टॅकला दोन-तीन सेकंद जातात, आणि टॅकनंतर होडी मंदावलेली असते ती वेगळंच. बोया डाव्या हाताला ठेवून वळायचा असेल, तर झोनमध्ये पोर्टवरून स्टारबोर्डला आलेल्या होडीवर नियमाचं जास्तीचं ओझं असतं: झोनमध्ये शिरल्यापासून स्टारबोर्डवरच असलेल्या होडीला तिच्यामुळे क्लोज-हॉल्डच्या (वाऱ्याच्या जितकं जवळ चढता येतं त्या दिशेच्या) वर वळावं लागता कामा नये. ती होडी आतून ओव्हरलॅप झाली, म्हणजे बोयाच्या बाजूने हिच्या शेजारी आली, तर तिला जागाही द्यायची. म्हणजे मागे चांगली तीन होडीलांब्यांची फट नसेल, तर ती फट नव्हेच.

हे मला पाठ होतं, तरी मी चुकलो. एका मालिकेची शेवटची शर्यत होती, अठरा होड्या, एकूण गुणांत मी दुसरा. पौर्णिमेचं उधाण, ओहोट जोरात. मी झोनच्या आतच टॅक मारला. बोया सहज घेता येईल असं वाटलं आणि पाण्याने मला वाऱ्याबरोबर खाली ओढलं. बोयाला लागू नये म्हणून मी नाक वर, वाऱ्याकडे घेतलं, मागच्या मुलाला त्याहून वर वळावं लागलं, आणि तरी त्याचं नाक माझ्या मागच्या बाजूला आदळलं. त्याची दोन बोटं चेमटली. मी चूक मान्य न करता वाद घातला. प्रोटेस्ट, म्हणजे रीतसर तक्रार झाली, बाद झालो. बाद होडीला एकूण होड्यांहून एक जास्त गुण, म्हणजे एकोणीस (इथे कमी गुण चांगले). मी सातव्या नंबरवर घसरलो. त्याची बोटं मात्र अजून आठवतात.

पाण्याचा हिशेब मला नंतर दिवाळे गावच्या एका कोळी काकांनी शिकवला. आम्ही जेट्टीवर बसलो होतो. ते म्हणाले, “वारा दिसतो, ओढ दिसत नाही. बोयाच्या दोरीकडं बघ, ती कुठं ताणलीय.” एक नॉटची ओढ म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. टॅक आणि पुढचा वेग मिळेपर्यंत दहा सेकंद धरली, तर पाच मीटर, म्हणजे लेझरच्या लांबीहून जास्त. आपल्या बंदरात मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. भांगाच्या लहान भरतीला त्याहून बरंच कमी. त्यामुळे अष्टमीच्या आसपास जी फट पुरते, ती अमावास्येला पुरत नाही. पाणी वाऱ्याच्या दिशेने खाली ओढत असेल, तर पोर्टवरून घुसायचं नाव नको. पाणी वर ढकलत असेल आणि रांगेत मोठी फट असेल, तर जरूर जावं, मनात धाकधूक न ठेवता.

मग नाही जमलं तर? मागून जायचं. ही कला मुलं शिकतच नाहीत, कारण त्यांना ती हार वाटते. स्टारबोर्डवरची होडी दिसली की लवकर थोडं खाली वळायचं, शीड सैल सोडायचं, तिच्या मागच्या टोकावर नेम धरायचा आणि तिथून जाताना पुन्हा वाऱ्याला टेकायचं. वेग टिकतो. उशिरा, घाबरून खाली वळलं की दोन होड्यांचं नुकसान होतं. वेळेवर वळलं तर बऱ्याचदा अर्ध्या होडीचंही होत नाही.

खालच्या, म्हणजे वाऱ्यापासून दूरच्या, बोयाला हाच मोह दुसऱ्या रूपात येतो: बाहेरची होडी झोनमध्ये शिरली, तरी आत घुसायचा. पहिली होडी झोनला पोहोचली तेव्हा ओव्हरलॅप नव्हता, तर जागेचा हक्क नाही. वेळेबद्दल रास्त शंका असेल, तर ओव्हरलॅप वेळेत झाला नाही असंच धरतात.

आणखी एक. बोयाला लागलं तर दंड म्हणून होडीची एक पूर्ण गोल फेरी, दुसऱ्याचा हक्क मोडला तर दोन. दुखापत वा गंभीर नुकसान झालं तर शर्यत सोडायची. हे तिने स्वतःहून, कुणी ओरडायच्या आधी करावं.

सरावासाठी ओहोट असताना एक बोया टाका. बोयापासून दहा होडीलांब्यांवर तिने मोठ्याने सांगायचं: “घुसते” किंवा “मागून”. एकदा बोलली की बदलायचं नाही. तुम्ही बाजूच्या बोटीतून फक्त लिहून ठेवा, ती काय म्हणाली आणि काय झालं. वीसेक वेळा झाल्यावर वही तिच्या हातात द्या.