एनके पेशी 18 टक्के, म्हणजे शरीर बाळाला मारतंय का?

ताई, दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा नवव्या आठवड्याच्या आत सगळं संपलं, हे वाचून फार वाईट वाटलं. रक्तात एनके पेशी (नॅचरल किलर, म्हणजे एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) 18 टक्के निघाल्या म्हणून "तुमचं शरीरच बाळाला मारतंय" असं तुम्हाला सांगितलं आणि या पेशी दाबायला सलाइनमधून इंट्रालिपिड (तेलाचं दुधाळ द्रावण) घ्यायला सुचवलं. ते वाक्य आधी मनातून काढून टाका. निरोगी माणसाच्या रक्तातल्या लिम्फोसाइटमध्ये (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) या पेशी साधारण 5 ते 20 टक्के असतातच. नुसते जिने चढून आलात तरी आकडा वर जातो.

मुख्य म्हणजे रक्तातल्या एनके पेशी वेगळ्या आणि गर्भाशयातल्या वेगळ्या. मी बरीच वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे ऊतींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या, लॅबमध्ये काढली आहेत. सुरुवातीच्या महिन्यांतल्या गर्भाशयाच्या अस्तराची स्लाइड पाहिली की एनके पेशींची अक्षरशः दाटी दिसते. तिथल्या प्रतिकारपेशींपैकी 70 टक्क्यांच्या आसपास याच असतात. त्या बाळावर चालून आलेल्या नसतात. बीज सुटल्यावर, दिवस जाण्याच्या आधीच, दर महिन्याला त्या वाढू लागतात आणि गर्भ राहिला नाही तर पाळीबरोबर निघून जातात.

मग त्या करतात काय? अस्तरातल्या सर्पिल धमन्या अरुंद असतात, भिंतीत स्नायू असतो. वारेच्या बाहेरच्या पेशी, म्हणजे ट्रोफोब्लास्ट, आत शिरतात आणि एनके पेशींच्या मदतीने तो स्नायू मोडून काढतात. नळी रुंद होते आणि रक्त संथ, भरपूर वाहतं. एनके पेशी नसलेल्या उंदरांमध्ये या धमन्या जाड आणि अरुंदच राहिल्या. माणसात हे काम अर्धवट राहिलं तर पुढे बीपी वाढणं, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया, किंवा बाळाची वाढ खुंटणं असे त्रास होतात.

2004 मध्ये केंब्रिजच्या अ‍ॅशली मॉफेट यांच्या गटाने दाखवलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ट्रोफोब्लास्टवर एचएलए-सी नावाची खूण असते, तिचा एक भाग वडिलांकडून आलेला. आईच्या एनके पेशी ती खूण ओळखतात. ज्या जोड्यांमध्ये या पेशी जास्त दबतात, त्यांत प्रीएक्लॅम्पसियाचा धोका वाढलेला दिसला. म्हणजे या पेशी थंड पडणं हीच अडचण. मग त्यांना दाबायला औषध कशासाठी?

आधीच्या गरोदरपणाचा अनुभवही त्या जपून ठेवतात असं दिसतं. 2018 मध्ये इस्रायलच्या संशोधकांना पुन्हा गरोदर असलेल्या स्त्रियांमध्ये रक्तवाहिन्या वाढवण्यात जास्त तरबेज एनके पेशी सापडल्या. प्रीएक्लॅम्पसिया पहिलटकरणींत जास्त का दिसतो, याचं एक कारण हे असू शकेल.

वारंवार गर्भपातासाठी रक्तातल्या एनके पेशी मोजाव्यात, याला पुरेसा पुरावा नाही, असं युरोपातली ईश्रे ही तज्ज्ञांची संघटना सांगते. तो खर्च थांबवा. त्याऐवजी डॉक्टरांना अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीच्या (रक्तात गुठळ्या करू शकणाऱ्या) तपासणीबद्दल विचारा (पॉझिटिव्ह आली तर 12 आठवड्यांनी पुन्हा करायची, तिच्यावर अ‍ॅस्पिरिन-हेपारिनचा खरा उपाय आहे). थायरॉइड आणि गर्भाशयाच्या आकाराची सोनोग्राफीही करून घ्या. पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांच्या गुणसूत्रांतच चूक असते, त्यामुळे दुसऱ्या वेळी पडलेल्या गर्भाचा नमुना तपासला होता का, तेही बघा. रिपोर्ट आले की इथेच लिहा, मी नक्की वाचेन.