मृत दात्याची किडनी बसवून आठवडा झाला, लघवी जेमतेम आहे, डायलिसिस चालूच आहे. रक्तपुरवठा तुटल्याने किडनी कायमची गेली का?

बहुतेक वेळा नाही, ती उशिरा कामाला लागते. दात्याकडून काढल्यापासून किडनी बर्फात, साधारण ४ अंशांवर असते. प्राणवायूविना तिच्या बारीक नलिकांच्या पेशी मरतात, आणि रक्त परत सुरू होताना एकदम आलेल्या प्राणवायूनेही काही दगावतात. पण या पेशी नव्याने तयार होतात. त्याला दोन-तीन आठवडेही लागतात, धीर सोडू नका. रोज मोजून लिहितात ती लघवी ५० मिलीवरून २०० वर गेली, तरी चांगलं लक्षण. बर्फातला काळ फार लांबला (२४ तासांपुढे धोका बराच वाढतो) आणि आत व्रण (बऱ्या झालेल्या जखमेसारखे कडक डाग) धरले, तर मात्र तेवढा भाग परत येत नाही. रिजेक्शनही (शरीराने नवी किडनी परकी समजून नाकारणं) असंच दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांनी बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी) सांगितली तर टाळू नका.