घरच्या स्कॅनवर केस उभी राहील का?

प्रश्न : मुलीच्या लग्नाचं शूटिंग संभाजीनगरच्या एका स्टुडिओला दिलं होतं. चार डीव्हीडी मिळाल्या. शेवटच्या डिस्कमध्ये पाठवणीला चित्र अडकतं, चौकोन पडतात. पुतण्याने लॅपटॉपवर स्कॅन करून आलेख काढला, डिस्क खराब दिसते. स्टुडिओवाला म्हणतो, ‘घरच्या टेस्टला अर्थ नाही, तुमचा प्लेयर बिघडलाय.’ काय करावं? (एक वडील, सेलू, जि. परभणी)

उत्तर : काका, ती डिस्क सारखी लावून बघणं आधी थांबवा. जेवढं वाचता येतंय तेवढं आजच हार्डडिस्कवर उतरवून घ्या. टूथपेस्ट घासायचा उपाय कुणी सांगेल, मुळीच करू नका. उद्या ओरखडे तुमच्याच नावावर येतील.

स्टुडिओवाल्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. स्कॅनचा आकडा एकट्या डिस्कचा नसतो, वाचणारा ड्राइव्ह आणि वाचण्याचा वेगही त्यात येतो. लागोपाठच्या आठ ब्लॉकमध्ये (डिस्कवरच्या माहितीच्या तुकड्यांमध्ये) पीआय एरर, म्हणजे वाचताना सापडणाऱ्या चुका, २८० च्या आत हव्यात, असं डीव्हीडीचं मानक सांगतं. पण ते प्रमाणित यंत्रावरचं माप आहे. लॅपटॉपच्या भिंगावर धूळ असली तरी आलेख चढतो. म्हणून आणखी दोन वेगळ्या कंपन्यांच्या ड्राइव्हवर, त्याच वेगाने, तपासून बघा. तिन्हीकडे फाइल कॉपी होताना एकाच जागी अडली, तर ‘प्लेयर बिघडलाय’ हे म्हणणं टिकणार नाही. मला तसंच होईल असं वाटतं. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. भरलेल्या डिस्कचा शेवट बाहेरच्या कडेला येतो आणि दोष बहुधा तिथेच आधी दिसतो. पाठवणी शेवटीच असते.

तरी हा आलेख नोटिशीपुरता ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे, तपासणीशिवाय वस्तूतला दोष ठरत नसेल तर जिल्हा आयोग नमुना सील करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागते. तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या.

आलेखाची प्रिंट जोडलीत तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं, प्रमाणपत्रही जोडा. त्याचा पहिला भाग पुतण्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आयोगात पुराव्याचा कायदा काटेकोर लागत नाही, पण समोरचा वकील मुद्दा काढणारच. आपल्या जालन्याचंच बघा. २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज भरतानाच्या चित्रीकरणाच्या व्हीसीडींवरून खोतकर-गोरंट्याल वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १४ जुलै २०२० ला न्यायालयाने असं प्रमाणपत्र आवश्यक ठरवलं.

मला विचाराल तर डिस्कच्या दर्जावर अडून बसू नका, सेवेतली त्रुटी धरा. स्टुडिओने तुम्हाला चार चकत्या विकल्या नव्हत्या, लग्न टिपून देण्याचं काम अंगावर घेतलं होतं. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. मूळ फुटेज पुसू नये आणि १५ दिवसांत पेनड्राइव्हवर द्यावं, ही मागणी सगळ्यात वर लिहा. दाद मिळाली नाही तर तक्रार परभणीलाच करता येते, संभाजीनगरला खेटे घालायची गरज नाही. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फीही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. दोष कधी दिसला यावर वाद होऊ शकतो, तेव्हा डिस्क हातात आली त्या तारखेपासूनच दिवस मोजा.