सुपरहिरोंची शक्ती मर्यादित ठेवायची तर नियम कोणते असावेत?

आधी ते नाकातलं रक्त काढून टाका, मग पुढचं बोलू.

तुम्ही लिहिलंय की कथा ठाण्यात घडते, शक्ती मर्यादित ठेवायच्यात आणि तीन नियम ठरलेत: दिवसातून तीनदाच शक्ती वापरता येते, वापरली की नाकातून रक्त येतं, आणि नंतर प्रचंड भूक लागते. आणखी कोणते नियम हवेत, किती जणांना शक्ती द्यावी, असं विचारलंय. माझ्या मते तिन्ही नियम बाद करा. दिवसातून तीनदा म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्या झाल्या. तिसरी वेळ तुम्ही क्लायमॅक्ससाठी राखून ठेवणार, हे वाचकाला दुसऱ्याच पानावर कळतं. नाकातलं रक्त रुमालाने पुसलं की संपलं, त्याने कथेत कुणाचं काही अडत नाही.

भुकेचा नियम शास्त्रीय वाटतो म्हणून सगळे तोच घेतात. जरा हिशोब करून बघा. हजार किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने येतेय, तिची गतिज ऊर्जा होते साधारण १ लाख ३९ हजार ज्यूल, म्हणजे ३३ किलोकॅलरी. एका केळ्यात शंभरेक असतात. शरीर त्यातला पाव हिस्साच कामाला लावतं असं धरलं, तरी दीड केळ्यात गाडी थांबली. भूक कसली लागतेय! खरी अडचण पायांची आहे. तीच गाडी एका मीटरच्या आत थांबवायची तर सरासरी १४ टनांचा जोर लागतो, आणि सत्तर किलोच्या माणसाचे बूट रस्त्याला धरून फार तर साठ-सत्तर किलो सोसतात. त्यामुळे दंडात कितीही ताकद असली तरी तो गाडीसोबत फरफटत जाणार. मर्यादा इथे शोधायची. जोर शेवटी कुठे उतरतो ते ठरवा, बाकी निम्मे नियम आपोआप सुचतात.

मी स्ट्रक्चरल ड्राफ्टिंग करते, म्हणजे इमारतींच्या सांगाड्याची रेखाटनं. स्लॅबचा लोड बीमवर, बीमचा कॉलमवर, कॉलमचा फुटिंगवर म्हणजे पायावर, दिवसभर हेच. त्यामुळे आतेभावाबरोबर कॉमिक काढायचं ठरलं तेव्हा (त्याची चित्रं, माझी गोष्ट) मी एकच नियम ठेवला होता. आमची नायिका ठाणे स्टेशनवर तिकीट खिडकीत बसणारी. एक तळवा ती ज्या वस्तूला लावेल तिचं वजन दुसऱ्या तळव्याखालच्या वस्तूत जातं. वजन नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलतं. आणि दोन्ही हात एकाच वस्तूला लावले तर ती चारचौघींसारखी साधी बाई, सगळं वजन तिच्याच अंगावर. बस, एवढंच. ना वेळ मोजायची, ना रक्त, ना चक्कर.

पहिलाच प्रसंग घोडबंदर रोडवरचा, खाडीकाठच्या गायमुख घाटाच्या उतारावर कंटेनर आडवा झालाय आणि त्याच्या एका टोकाखाली रिक्षा. वेळ रात्रीची, कारण गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते आणि न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे बरेच कंटेनर रात्री सुटतात. म्हणजे बघायला गर्दी नाही, मदतीलाही कुणी नाही. वीस फुटी कंटेनर रिकामाच सव्वादोन टनांच्या आसपास असतो, भरलेला वीसच्या वर जातो. एक टोक उचलायचं म्हणजे दहा टन धरा. डावा तळवा कंटेनरच्या कोपऱ्याखाली. उजवा कशावर? घाटाचा कातळ समोर दिसतोय, पण माणसाचे पसरलेले हात साधारण त्याच्या उंचीएवढेच लांब असतात, आणि ही बाई पाच फूट एक इंच. कातळ पोहोचेना. कठड्यावर ठेवला तर कठडा वाकून खाडीत जाईल. राहिला रस्ता.

आता गंमत बघा. तळव्याचं क्षेत्रफळ दीडशे चौरस सेंटीमीटर धरलं तर दहा टन म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ६५ किलोच्या वर. एम-४० दर्जाचं काँक्रीट चाचणीत दर चौरस सेंटीमीटरला साधारण चारशे किलोपर्यंत टिकतं, तिथे तिचा हात रुतणार नाही. डांबर मात्र दबतं. मी लिहिलेल्या पानात ती गुडघ्यांवर बसलीय, गाल जवळजवळ रस्त्याला टेकलाय, उजवा हात डांबरात मनगटापर्यंत रुतलाय, आणि रिक्षावाल्याला बाहेर ओढायला मिळतो तेवढाच वेळ, जोवर तिचा खांदा रस्त्याला लागत नाही. हात निघाल्यावर डांबरात पाच बोटांचा खड्डा राहतो. त्यानंतर ही बाई शहरात फिरताना पायाखाली काँक्रीट आहे की डांबर की पेव्हर ब्लॉक, हे आधी बघते. तिच्यावर टपलेला माणूसही तेच बघतो. एका नियमातून अख्खं ठाणे तिच्यासाठी वेगळं झालं, आणि ठाणेकराला रस्त्यांचं काही समजावून सांगावं लागत नाही!

आतेभावाने काय काढलं? दोन्ही हात वर, डोक्यावर कंटेनर, मागे चंद्र. पूर्ण पान. म्हणाला, "ताई, गुडघ्यावर बसलेली हिरोईन कोण बघणार?" मी म्हटलं, अरे नियमाप्रमाणे ती या चित्रात चिरडून मेलीय. तो म्हणाला, लोक एवढं बघत नाहीत. सोसायटीच्या गणपतीत रंगीत झेरॉक्स वाटल्या, आणि खरंच कुणी काही विचारलं नाही. चित्राचं कौतुक झालं, एका काकांनी फ्रेम करून घेतलं. हे तो आजही लग्नकार्यात ऐकवतो. पुढचा अंक का निघाला नाही, हे कधी सांगत नाही. दहा टन डोक्यावर घेणाऱ्या बाईला पुढच्या अंकात कशाने अडवायचं? तो मला रोज नवा खलनायक पाठवायचा, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. शेवटचा तर पारसिकच्या डोंगराएवढा होता. त्याच्या मते कॉमिक माझ्या कटकटीमुळे बंद पडलं.

असं थोरामोठ्यांचंही होतं म्हणा. सुपरमॅन १९३८ साली आला तेव्हा तो उडत नव्हता, उडी मारायचा, एक अष्टमांश मैल, म्हणजे दोनशे मीटर. पुढे उडायला लागला, काहीच लागेनासं झालं, आणि १९४३ मध्ये रेडिओ मालिकेत क्रिप्टोनाइट, म्हणजे त्याला दुबळं करणारा दगड, आणावा लागला. स्वभावातली मर्यादा काढून टाकली की ती बाहेरून दगडाच्या रूपात विकत आणावी लागते.

किती जणांना शक्ती द्यावी, तर फार कमी. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती. लाखात एक धरला तरी अठरा जण होतात, खाडीपलीकडे नवी मुंबईत अकरा. अठरा जण लपून राहत नाहीत, त्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स तीन हात नाक्यावर लागतील. गुप्त ओळख हवी असेल तर दोन-तीनच ठेवा. पोशाखाबद्दल मला मत नाही.

तरी एक सांगते, मोजून दिलेली शक्ती सरसकट वाईट असते असं नाही. इंद्राने कर्णाला दिलेली शक्ती एकदाच वापरायची होती, आणि तिथे ते जमलंय, कारण ही अट कृष्णाला माहीत होती. त्याने घटोत्कचाला पुढे केलं आणि अर्जुनासाठी राखलेली शक्ती रात्रीच्या युद्धात भलत्यावरच खर्च झाली. तुमचं ते तीनदा ठेवायचंच असेल तर शत्रूला कळू द्या आणि पहिल्या दोन वेळा त्याला फुकट घालवायला लावा. आणि कथा लहान मुलांसाठी किंवा विनोदी असेल तर मी वर लिहिलेलं बरंचसं सोडून दिलं तरी चालेल.

चित्रं दुसऱ्या कुणाकडून काढून घेणार असाल तर नियम आधी कागदावर लिहून त्याला द्या, हात कुठे टेकलाय हे प्रत्येक चौकटीच्या कच्च्या रेखाटनात बघा, आणि ते पाहिल्याशिवाय रंगाचे पैसे देऊ नका. चित्रकार नात्यातला असेल तर सहीसुद्धा घ्या.