पुण्यातल्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये ब्रिटिश इंग्रजी शिकवावं की अमेरिकन?

तुम्ही विचारलंय की कोथरूडला स्पोकन इंग्लिशचा क्लास काढताय, येणारी मुलं बहुतेक मराठी माध्यमातली, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग झालेली. त्यांना ब्रिटिश उच्चार शिकवावेत की अमेरिकन, आणि आपलं भारतीय इंग्रजीच चालू ठेवलं तर त्यांचं नुकसान होईल का?

माझं मत विचाराल तर दोन्हींच्या नादी लागू नका. मी चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांमध्ये जाऊन इंजिनिअर मंडळींना इंग्रजी शिकवते. तिथे लंडनचा माणूस क्वचितच भेटतो. कॉलवर पलीकडे कोरियन मॅनेजर असतो, जपानी क्वालिटीवाला असतो, शांघायचा सप्लायर, सिंगापूरच्या रिजनल ऑफिसमधली बाई, नाहीतर मनिलाचा हेल्पडेस्क. शेजारच्या खुर्चीत आपलाच चेन्नईचा सहकारी. तासभर मीटिंग इंग्रजीत चालते आणि इंग्रजी मातृभाषा असलेलं त्यात कुणीच नसतं. अशा ठिकाणी आपण ब्रिटिशांसारखा 'र' गिळला काय किंवा अमेरिकनांसारखा जिभेवर घोळवला काय, कुणाला काय फरक पडतो?

काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीच्या जगाची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात इंग्लंड-अमेरिकेसारखे देश. मधल्या वर्तुळात भारत, सिंगापूर, मलेशिया, फिलिपिन्स; इथे इंग्रजी राज्यकर्त्यांबरोबर आली आणि नंतर घरचीच झाली. बाहेरच्या वर्तुळात जपान, कोरिया, चीन, म्हणजे जिथे ती परकी भाषा म्हणूनच शिकली जाते. मांडणी उपयोगी आहे, पण पुण्यात बसून बघितली की गळती दिसते. बाणेरच्या सोसायटीत आईबाबांशीही इंग्रजीत बोलणारा मुलगा आणि जुन्नरहून आलेला डिप्लोमावाला, दोघं कागदोपत्री एकाच वर्तुळातले. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी त्या दुसऱ्या मुलाने शाळेबाहेर कुणाशी इंग्रजीत दोन वाक्यं बोललेली नसतात. त्याच्यासाठी इंग्रजी जपानी मुलाइतकीच परकी आहे. तुमच्याकडे येणार तो हाच.

आशियातली इंग्रजी एकसारखी नाही, हे आधी तुम्हाला स्वतःला पटलं पाहिजे. फिलिपिन्सला ती अमेरिकनांनी दिली. १९०१ मध्ये 'थॉमस' नावाच्या जहाजातून शेकडो अमेरिकन शिक्षक मनिलात उतरले, म्हणून तिथला 'र' अमेरिकन वळणाचा आहे आणि स्वच्छतागृहाला तिथे 'कम्फर्ट रूम', थोडक्यात 'सीआर' म्हणतात. सिंगापूरमध्ये 'जमेल का?' याला नुसतं 'कॅन' हे पूर्ण उत्तर आहे. त्यामागे चिनी आणि मलय बोलींची वळणं आहेत. सरकारला ते खटकलं, २००० साली 'स्पीक गुड इंग्लिश' मोहीम निघाली. लोक मात्र घरी आणि खाण्याच्या टपरीवर सिंग्लिश आणि ऑफिसात प्रमाण इंग्रजी, असं दोन्ही सांभाळतात. हे आपल्याला नवीन नसावं. गावी मालवणी आणि सदाशिव पेठेत छापील मराठी बोलणारी माणसं आपल्या ओळखीत असतातच. (सदाशिव पेठेतल्यांना आपण बोलतो तीही एक बोलीच आहे हे पटत नाही, तो भाग वेगळा.)

आता घोटाळे खरे कुठे होतात ते सांगते, कारण क्लासचा वेळ तिथे खर्च व्हायला हवा. व्याकरणापेक्षा जास्त गोंधळ मला आकड्यांत दिसतो. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' म्हणताना आपण दोन्हीकडे पहिल्याच अक्षरावर जोर देतो. शेवटचा 'न' फोनवर विरला की पंधरा बॉक्स होते का पन्नास, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. दुसरं म्हणजे आपण लाखात मोजतो. कोरियन, जपानी आणि चिनी माणूस दहा हजारांच्या गठ्ठ्यात मोजतो. आपला एक लाख म्हणजे त्याचे दहा गठ्ठे. दोघंही मनातल्या मनात आपापल्या पद्धतीने मोजून मग इंग्रजीत हजार-मिलियनमध्ये उतरवतात आणि तिथेच एखादं शून्य गळतं. त्यात आपला स्वल्पविराम १,००,००० असा पडतो. तारखांचंही तसंच. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे पाच जून, मनिलात सहा मे. आणि सोलमध्ये वर्ष आधी लिहितात. मुलांना आकडा एकेक अंक सुटा करून वाचायला आणि महिना अक्षरात लिहायला लावा. यात ब्रिटिश-अमेरिकन काही नाही, पण ऑर्डर चुकत नाही.

उच्चारांचं म्हणाल, तर जेनिफर जेनकिन्स या ब्रिटिश अभ्यासिकेने २००० साली वेगवेगळ्या मातृभाषांच्या लोकांमध्ये समजायला कोणते उच्चार लागतातच, याची एक छोटी यादी मांडली. त्यात 'थिंक'मधला दातांत जीभ धरून काढायचा आवाज नाही. आपण 'थ' म्हणतो, जपानी 'स'च्या जवळचं काहीतरी म्हणतो, फिलिपिनो 'ट' म्हणतो, आणि काम चालतं. पण शब्दाच्या सुरुवातीच्या 'प', 'ट', 'क'मधली हवा त्या यादीत आहे, आणि आपली गाडी नेमकी तिथे अडते. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून मुलाला 'पॅक' म्हणायला सांगा. पट्टी ढिम्म हलत नाही. कानाला सवय नसलेल्याला तो 'बॅक' ऐकू येऊ शकतो. मग ओठ पूर्ण मिटून 'फळ'मधला 'फ' काढायला सांगा आणि तोच 'पॅक'ला लावा. पट्टी उडते, मुलं हसतात, आणि मुद्दा कळतो. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. मराठीत आपण ते लिहिताना पाळतो, बोलताना फारसं नाही, म्हणून 'फिल द फॉर्म' आणि 'फील' एकच होऊन बसतात.

शब्दातला जोर जेनकिन्स यांनी यादीत घेतलेला नाही. इथे मी त्यांच्या बाजूने नाही. हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशचे आर. के. बन्सल यांनी १९६० च्या दशकातच तपासलं होतं की भारतीय इंग्रजी बाहेरच्यांना कळत नाही, त्यामागे चुकीच्या अक्षरावरचा जोर हे मोठं कारण असतं. मराठीत जोराने अर्थ बदलत नाही, त्यामुळे 'डेव्हलप'मध्ये जोर 'व्हे'वर असतो हे कुणी सांगितल्याशिवाय सुचतच नाही.

एवढं झालं की उरलेला वेळ कानाला द्या. पुण्यातले क्लास बोलायला शिकवतात, ऐकायला कुणी शिकवत नाही. व्हिएतनामी माणूस शब्दाचा शेवटचा व्यंजन बऱ्याचदा सोडून देतो, कोरियन 'फाइल' 'पाइल'सारखी येते, जपानी माणूस जोडाक्षर फोडून मध्ये स्वर घालतो. रोज दहा मिनिटं अशी रेकॉर्डिंग लावा: सिंगापूरच्या मंत्र्यांच्या पत्रकार परिषदा, फिलिपिन्सच्या बातम्या, सगळं यूट्यूबवर फुकट आहे. कुणाचा उच्चार कसा वाटला, हे विचारूच नका; कोण, किती, कधी, एवढंच लिहून घ्या. शहरात परदेशी विद्यार्थी भरपूर आहेत, त्यांना बोलवा, आणि नुसत्या चहावर बोळवण करू नका, मानधन द्या.

आणि आपलं 'प्रीपोन'? ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे, बिनधास्त वापरू द्या. 'डू द नीडफुल' मात्र मी खोडते, त्यात चूक आहे म्हणून नव्हे, तर पलीकडच्याने नेमकं काय करायचं ते त्यात लिहिलेलंच नसतं म्हणून. लेखी मेलमध्ये व्याकरण प्रमाणच ठेवा. 'आय अ‍ॅम हॅव्हिंग टू ब्रदर्स' तोंडी चालून जातं, रिपोर्टमध्ये नाही.

पालक 'फॉरेन ट्रेनर आहे का?' असं विचारतीलच. त्यांना सांगा, कोरियन मुलं इंग्रजी शिकायला फिलिपिन्समधल्या सेबूला जातात आणि तिथे त्यांना फिलिपिनो शिक्षक शिकवतात. फक्त आयईएलटीएसची मुलं वेगळ्या बॅचला बसवा. त्या परीक्षेत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन उच्चार ऐकावे लागतात, त्यांची तयारी निराळी. स्पेलिंग शाळेच्या पुस्तकातलं, म्हणजे ब्रिटिशच राहू द्या. कंपनीने कॉम्प्युटरमध्ये अमेरिकन लावून ठेवलं असेल, तर लाल रेघ सांगेल तसं लिहायचं.